तरीवाला

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता,
लाद्यांच्या हिशेबासाठी.
बाबा वही मिटून लिलावाकडे गेले
की आम्ही त्यात चेटूक घालायचो:
मुश्ताकच्या मामाने मस्कतहून आणलेली सीडी,
वर स्केचपेनने नुसतं 'खेळ'.

सोळा रंगांचं राज्य.
झाडं चौकोनी, राजा चौकोनी,
आणि समुद्र म्हणजे निळ्या फरशीवर
दोन पांढरे ठिपके, आळीपाळीने.
मुश्ताक म्हणायचा, ह्यात बांगडा तरी गावेल का?

तो लाद्या फोडायचा, मी आठवीत.
त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला येतं
असा त्याचा समज होता.
खालच्या पट्टीत अक्षरं उमटली की मी सांगायचे,
आणि अडायचं तिथे पाजपंढरीचं काहीतरी घालायचे.
म्हणून आमची चेटकीण उधारीवर औषध द्यायची,
बुटक्यांची खाण गणपतीत पाच दिवस बंद असायची,
आणि डोंगरातला ड्रॅगन
बांधावरून सख्ख्या भावाशी बोलत नव्हता.

दर वीस मिनिटांनी कॉम्प्रेसर सुरू व्हायचा.
दिवा पिवळा पडायचा, पडदा आक्रसायचा,
जपून ठेवलं नसेल ते गेलं.
मुश्ताक भिंतीला कान लावून बसायचा:
सेव कर, सेव कर, येतोय तो.
राक्षसांना आम्ही कधी भ्यालो नाही.

चौथ्या प्रदेशात खाडी लागली.
खाडीवर तरीवाला. आमच्याकडे छदाम नाही,
सगळा पैसा ढालीत गेलेला.
त्याने चार शब्द टाकले. मला एकही कळला नाही.
मी म्हटलं, तो म्हणतोय,
बस जरा. सुकती आहे.
पाणी चढलं की नेतो, पैशाचं मग बघू.

मुश्ताकने कळफलकावरचे हात काढले.
बसलो. खरंच बसलो,
गोणपाटावर, ओल्या भुशाच्या वासात,
दोन ठिपके बघत.
तीन रात्री.
चौथ्या दिवशी सीडीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

आता मुश्ताक बहारीनला, टगवर.
आणि कुठेकुठे पांगलेल्या शे-दीडशे वेड्यांनी
तो खेळ पुन्हा बांधलाय,
फुकट, नोकऱ्या सांभाळून, एकेक पान हलतं करत.
पाण्यात चंद्र फुटतो आणि जुळतो.
तरीवाल्याला दाढी आहे, दाढीत मीठ,
आणि आता त्याला आवाजही आहे.
आवाज म्हणतो, नाणं टाक, नाहीतर पोहत जा.

रात्री दीडला मुश्ताकचा निरोप:
पाणी एक नंबर केलंय.
पण हा कोण बसवलाय तरीवर?
हा आपला नव्हं.

सांगता आलं असतं
की तोच खरा. आपला मी केला होता.
बोटं तिथवर जाऊन परत आली.

मग ती फाइल उघडली, चार हजार एकशे सतरावी ओळ.
आवाज काढून टाकला. शब्द घातले.
खेळाला मराठी येत नव्हती,
अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटले,
जुन्या राजाची आठवण झाली.
दोन रविवार त्यातच गेले.

भरतीचं गणित मला जमेना.
फिनलंडच्या एका पोराने लिहून दिलं,
कशाला म्हणून विचारलं नाही.
एवढंच विचारलं, किती वेळ थांबवायचं माणसाला?
मी म्हटलं, सहा तास.
तो म्हणाला, अहो, कुणी थांबणार नाही.
मी म्हटलं, एक जण आहे.

शुक्रवारी मुश्ताकला सुट्टी.
सकाळी सातला निरोप आला: पोचलो तरीवर.
मग काही नाही.
इकडे बंदरावर होड्या लागल्या, 
सुरमईचा भाव पडला, मी गिरणीत जाऊन आले.

दुपारी एकच ओळ:
बसलोय. सेव केलंय.